गादीतलं विष आणि गादीशेजारचं विष

हल्ली दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. 'डॉक्टर, गादी कुठली घ्यावी? फोमच्या गादीतून विषारी वायू येतो म्हणे. ऑर्गॅनिक घ्यायची म्हणतोय.' असं विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे. दुसरे, ज्यांच्या घरी कुणाला तरी दमा आहे किंवा पाठ धरलेली आहे. दोघांच्याही मोबाईलवर एखादी जाहिरात उघडलेली असते. तिच्यात पांढऱ्याशुभ्र गादीवर एक गोंडस बाळ झोपलेलं असतं आणि खाली किंमत लिहिलेली असते. ती बघितली की डॉक्टरचीच पाठ दुखायला लागते.

प्रश्न चुकीचा नाही. माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गादीवर काढतो. तान्हं बाळ तर त्याहून जास्त. ज्या वस्तूला नाक लावून आपण रोज सात-आठ तास श्वास घेतो, ती कशाची आहे हे विचारायलाच हवं. पण माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. 'बिनविषारी' या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याआधी झोपायच्या खोलीत एक चक्कर मारा. आपल्याकडे गादीतल्या विषापेक्षा गादीशेजारचं विष कितीतरी मोठं असतं. आणि ऑर्गॅनिक कापूस घ्यावा असं मलाही वाटतं, पण त्याचं जे कारण जाहिरातीत दिलेलं असतं, त्या कारणासाठी नव्हे.

फोममध्ये असतं तरी काय?

बाजारातल्या बहुतेक फोमच्या गाद्या पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. पॉलिऑल आणि आयसोसायनेट अशी दोन रसायनं एकत्र आली की ती फसफसून फुगतात आणि स्पंज तयार होतो. मेमरी फोम हाही त्याचाच भाऊबंद. यातलं आयसोसायनेट खरोखर वाईट आहे. ते श्वासावाटे गेलं तर माणसाला कायमचा दमा जडू शकतो. पण हा धोका मुख्यतः कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराला असतो. दोन्ही रसायनांची प्रक्रिया पुरी होऊन फोम पक्का झाला, की त्यात मोकळं आयसोसायनेट जवळजवळ उरत नाही.

मग नव्या गादीला तो उग्र वास कशाचा? फोम आणि त्यातला चिकट गोंद यांतून काही रसायनं हवेत उडून जात असतात, त्यांचा. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बाळांच्या पाळण्यातल्या गाद्यांचा फोम तपासला. जुन्यांपेक्षा नव्या गाद्यांतून अशी रसायनं सुमारे चौपट बाहेर पडत होती, आणि अंगाच्या उबेने त्यांचं प्रमाण आणखी वाढत होतं. म्हणजे जाहिरातवाले अगदीच हवेत बोलत नाहीत. नव्या फोमच्या वासाने डोकं दुखू शकतं, डोळे चुरचुरू शकतात आणि दमेकऱ्याची छाती भरून येऊ शकते.

पण त्या अभ्यासातला उपयोगाचा भाग जाहिरातीत येत नाही. हे प्रमाण दिवसागणिक उतरत जातं. फोमची गादी आणली, तर प्लास्टिकचं वेष्टण काढून ती आठ-पंधरा दिवस हवेशीर खोलीत किंवा गच्चीवरच्या सावलीत उभी करून ठेवा आणि वास गेल्यावरच वापरायला काढा. बाळासाठी आणायची असेल तर बाळ यायच्या महिनाभर आधी आणा. याला एक रुपयाही पडत नाही.

आणखी एक. वास येतो म्हणजे विष आहे, आणि वास येत नाही म्हणजे सुरक्षित आहे, असा हिशेब नसतो. विषाचा सगळा हिशेब मात्रेचा. किती, किती दिवस आणि कुणाच्या अंगात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय 'विषारी' या शब्दाला काही अर्थ नाही. आपल्या आज्या 'अति तेथे माती' म्हणायच्या, ते औषधशास्त्राच्या पहिल्या धड्यापेक्षा वेगळं नाही.

इंग्लंडमध्ये गादीला घाबरले होते, तेव्हा

गादीच्या भीतीचा एक मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये होऊन गेला आहे. त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

रात्री ठणठणीत असलेलं बाळ सकाळी पाळण्यात मेलेलं सापडायचं. कारण सापडायचं नाही. असे मृत्यू तिथे दर वर्षी शेकड्यांनी होत. १९८९ मध्ये बॅरी रिचर्डसन नावाच्या शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला. पाळण्यातल्या गादीच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून अँटिमनीसारखी द्रव्यं घातलेली असतात. गादीवर वाढणारी बुरशी त्यांच्यापासून विषारी वायू तयार करते, आणि तो हुंगून बाळं दगावतात, असं त्याचं म्हणणं. १९९४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमाने हा तर्क घरोघरी पोचवला. आईबाप हादरले. लोक गाद्या फेकू लागले, प्लास्टिकमध्ये गुंडाळू लागले.

सरकारने लेडी लिमरिक यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिने हा तर्क नीट तपासला आणि १९९८ मध्ये अहवाल दिला. गादीतून अशा विषारी वायूने बाळं दगावतात याला कसलाही पुरावा समितीला सापडला नाही.

याच काळात दुसरीकडे खरं काम झालं होतं. बाळाला पालथं झोपवू नका, उताणं झोपवा, एवढीच साधी मोहीम १९९१ च्या शेवटी तिथे सुरू झाली. ॲन डायमंड या टीव्हीवरच्या निवेदिकेचं स्वतःचं बाळ त्याच वर्षी असं दगावलं होतं. ती मोहिमेचा चेहरा झाली. काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. गादी तीच होती, फक्त बाळाची कूस बदलली.

माझ्या मते ही गोष्ट गादी घ्यायला निघालेल्या प्रत्येक आईबापाने ऐकायला हवी. भीती महागड्या वस्तूकडे नेते. पुरावा बऱ्याचदा फुकटातल्या सवयीकडे नेतो.

तेव्हा बाळापुरतं पक्कं लक्षात ठेवा. बाळ उताणं झोपवायचं. गादी सपाट आणि घट्ट हवी, म्हणजे बाळाचं डोकं तिच्यात रुतता कामा नये. नव्या कापसाची फुगलेली, मऊमऊ गादी दिसायला छान, पण बाळासाठी नको. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नको. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करण्याची मोठी हौस असते. बाळाचं डोकं एका बाजूला चपटं झालं, तरी जागेपणी आपल्या नजरेसमोर त्याला थोडा वेळ पालथं ठेवलं आणि निजताना मानेची बाजू बदलत राहिलं, की बहुतेक वेळा ते आपोआप सुधारतं. मोहरीची उशी फोडणीच्या डब्यात रिकामी करा. बाळाच्या आसपास गुबगुबीत खेळणी, लोड, जाड रजई नको. बाळ आईच्याच खोलीत, पण शक्यतो स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावं. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन झोपी जाणं तर टाळाच. यातली एकही गोष्ट गादीच्या लेबलवर लिहिलेली नसते.

आता खोलीत चक्कर मारूया

ऑर्गॅनिक गादीची चौकशी करणाऱ्यांना मी उलट प्रश्न विचारतो. 'रात्री डासांसाठी काय लावता?' उत्तर बहुतेक वेळा येतं, 'कॉइल.' तीही खोली बंद करून, पलंगाखाली.

२००३ मध्ये चीन आणि मलेशियातल्या कॉइलचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळून संपते तेव्हा तिच्या धुरात जे अतिसूक्ष्म कण निघतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. फॉर्माल्डिहाइडचं प्रमाण ५१ सिगारेटींपर्यंत गेलं. हे फॉर्माल्डिहाइड म्हणजे तेच, ज्याच्या नावाने फोमची गादी बदनाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. हजारो रुपयांची बिनविषारी गादी घ्यायची आणि तिच्या खाली रोज रात्री कॉइल पेटवायची, याला काय म्हणावं? सांगलीत डास नाहीत असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. डेंगीचे दिवस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण त्याला मच्छरदाणी हा उपाय आहे. तिला धूर नाही, वास नाही, लेबल नाही. दिवसा झोपणाऱ्या बाळालाही ती हवीच, कारण डेंगीचा डास दिवसाच चावतो.

पुढचा प्रश्न. 'पलंगाच्या पेटीत जादा गाद्या, दुपटी ठेवलीत, त्यात काय टाकलंय?' डांबराच्या गोळ्या. नॅप्थलीन. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली, रजया वापरल्या, तर त्याच्या रक्तपेशी फुटून जोरदार कावीळ होऊ शकते. अशा घटनांची नोंद अनेक देशांत झालेली आहे. बाळंतपणासाठी जपून ठेवलेली आजीची दुपटी पेटीतून काढून तशीच वापरायची नाहीत. डांबरगोळ्यांना बाळाच्या खोलीत जागाच देऊ नये. कडुलिंबाचा वाळलेला पाला, कडक ऊन आणि घट्ट झाकणाचा डबा, एवढ्यावर भागतं.

तिसरा प्रश्न ढेकणांचा. तो लोक कुजबुजत विचारतात, जणू ढेकूण म्हणजे घराण्याची बेअब्रू. वसतिगृहातून, प्रवासातून, जुन्या फर्निचरमधून ते कुणाच्याही घरी येतात. पण लाजेपायी लोक गुपचूप काहीतरी करतात आणि ते जीवघेणं ठरतं. शेतीचं कीटकनाशक गादीवर फवारतात. धान्यात ठेवायच्या गोळ्या पलंगाखाली ठेवून त्याच घरात झोपतात. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि त्याला उतारा नाही. शेजारच्या खोलीत वापरलेल्या गोळ्यांनीही माणसं गेली आहेत. गादीतून विषारी वायू निघतो ही भीती कुठे शंभर टक्के खरी असेल, तर ती इथे. गरम पाणी, कडक ऊन, पलंगाच्या सांध्यांत उकळत्या पाण्याची धार आणि तरीही नाही आवरलं तर परवाना असलेला पेस्ट कंट्रोलवाला, हाच मार्ग.

धूप, अगरबत्ती, खोलीत उडवायची सुगंधी फवारणी, प्लायवूडच्या नव्या पलंगाचा गोंद आणि ताजा रंग, हे सगळं याच यादीत येतं. यांच्यापुढे वास गेलेली फोमची गादी म्हणजे साधीभोळी म्हणायची.

गादीतले पाहुणे

दम्याच्या आणि शिंकांच्या रुग्णाला गादीचा त्रास होतो, हे मात्र खरं आहे. पण तो बहुतेक वेळा रसायनांचा नसतो. तो धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा असतो. त्यांना डस्ट माइट म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा हा आठ पायांचा जीव आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. त्याच्या विष्ठेची ॲलर्जी असते. त्याला लेबल वाचता येत नाही. गादी ऑर्गॅनिक असली काय आणि फोमची असली काय, ऊब, कोंडा आणि ओलावा मिळाला की तो सुखाने नांदतो.

यातली आपल्या हातातली गोष्ट म्हणजे ओलावा. हवा कोरडी झाली, की हा जीव सुकून मरतो. म्हणून आमच्या दोन जिल्ह्यांतच गादीचा सल्ला बदलतो. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत कापसाची गादी वर्षानुवर्षं छान राहते. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात तीच गादी जूनपासून ओल धरते, तिला कुबट वास येतो आणि बुरशीही. तिथे पातळ, उचलता येण्याजोगी, हवा खेळणारी गादी बरी, आणि ती जमिनीवर न घालता फळ्यांच्या पलंगावर घातलेली बरी.

ॲलर्जीसाठी गादीवर घालायची खास खोळ मिळते. तिच्यावर भरवसा किती ठेवायचा? २००३ मध्ये इंग्लंडमध्ये दमा असलेल्या हजाराहून अधिक प्रौढांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या खोळीने फरक पडला नाही. पुढे २०१७ मध्ये मुलांवरच्या एका अभ्यासात मात्र खोळ वापरणाऱ्या मुलांना दम्याच्या झटक्यासाठी इस्पितळ गाठण्याची वेळ कमी आली. म्हणून मी मुलांना सांगतो, मोठ्यांना आग्रह करत नाही. कुणालाही खोळ घातली म्हणून श्वासाचा पंप बंद करू नका. आठवड्याला चादरी-अभ्रे साठ अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात धुणं हे खोळीइतकंच महत्त्वाचं.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये सांगलीत चाळिशीच्या आसपास पारा असतो, तेव्हा गच्चीवर दिवसभर दोन्ही बाजूंनी तापलेल्या गादीतला ओलावा निघून जातो आणि किड्यांचे हाल होतात. उन्हानंतर गादी झोडपायची, म्हणजे मेलेले किडे आणि त्यांची घाण बाहेर पडते. फक्त हे काम दमेकऱ्याने करायचं नाही, आणि ती धूळ घरात येईल अशा खिडकीतही करायचं नाही. फोमची गादी मात्र रणरणत्या उन्हात घालू नका. ती पिवळी पडून भुगा होते. तिला सावलीतला वाराच मानवतो.

ओल्या गादीचा विषय निघाला आणि महापुराची आठवण झाली नाही, असं सांगलीत होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर रस्त्याकडेला भिजलेल्या गाद्यांचे ढीग पडले होते. २०२१ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा अनेकांनी जीव तोडून गाद्या वाळवल्या, कारण लेकीच्या लग्नात केलेली गादी टाकवत नाही. पण पुराचं पाणी म्हणजे गटारीचं पाणी. ते आत मुरलेली जाड गादी वरून कोरडी झाली, तरी आतून ओलीच राहते आणि बुरशी धरते. अशी गादी टाकून द्यावी, मग ती कितीही महागाची असो. पातळ वाकळ असेल तर ती उकळून, धुऊन, वाळवून वापरता येते.

वाकळीबद्दल थोडं जास्त बोलतो. आजीच्या जुन्या लुगड्यांची, शेकडो वेळा धुतलेल्या कापडाची, हाताने दोरे घातलेली वाकळ. तिच्यात ना गोंद, ना फोम, ना नवा रंग. पूर्ण धुता येते, उन्हात वाळते, बाळाखाली घातली तर रुतत नाही. 'बिनविषारी झोपेची वस्तू' म्हणून जगभर जे विकलं जातं, त्याच्या सगळ्या कसोट्यांवर ती उतरते. फक्त तिच्यावर शिक्का नाही.

मग ऑर्गॅनिक म्हणजे नक्की काय?

ऑर्गॅनिक कापूस म्हणजे रासायनिक खतं, कृत्रिम कीटकनाशकं आणि जनुक बदललेलं बियाणं न वापरता पिकवलेला कापूस. आता भारतातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी वाणाचा आहे, म्हणजे जनुक बदललेला. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात 'साहेब, एकदम ऑर्गॅनिक माल' असं ऐकलं, की तो बहुधा नुसता शब्द असतो.

शिक्क्यांचे प्रकार समजून घ्या. 'गॉट्स' हा शिक्का कापूस सेंद्रिय असल्याचा आणि पुढे कापड होईपर्यंत ठरावीक रसायनं टाळल्याचा. त्यातही दोन पायऱ्या आहेत: पूर्ण 'ऑर्गॅनिक' म्हणवून घ्यायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, आणि 'ऑर्गॅनिक धागा वापरून केलेलं' म्हणायला ७० टक्के पुरतो. 'ओको-टेक्स' हा शिक्का वेगळा. त्यात तयार मालात घातक द्रव्यं मर्यादेत आहेत का, ते तपासतात. कापूस सेंद्रिय आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि एक चलाखी कायम लक्षात असू द्या: शिक्का अनेकदा फक्त वरच्या कापडाचा असतो, आत फोमच असतो. दुकानदाराला विचारा, 'प्रमाणपत्र कशाचं? खोळीचं की आख्ख्या गादीचं? त्याचा नंबर द्या.' नंबर मिळाला तर संकेतस्थळावर पडताळून पाहा.

पडताळणीही पोलादी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केलं, की भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसासाठी बनावट प्रमाणपत्रं वापरली गेली. अकरा कंपन्यांवर त्यांनी बंदी घातली. संस्थेने स्वतः चोरी पकडून सांगितली हे चांगलंच, पण शिक्का म्हणजे देवाची शपथ नव्हे, एवढं यातून कळतं.

आता मुद्द्याचं. साध्या कापसाच्या गादीत झोपणाऱ्याला बाधेल इतकं कीटकनाशक असतं का? कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. फवारणी बोंडं फुटायच्या आधी जास्त होते, आणि पुढे ऊन, सरकी काढणं, पिंजणं यांतून तो जातो. झोपणाऱ्याला त्याने इजा झाल्याचा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. मग ऑर्गॅनिक घ्यायचंच कशाला?

यवतमाळसाठी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. त्या साली कपाशी उंच वाढली होती. माणसं डोक्याइतक्या पिकातून चालत फवारत होती, आणि औषध तोंडावर, डोळ्यांत, छातीत जात होतं. हातमोजे नाहीत, मुखवटा नाही, उकाड्यात अंगावर धड सदरा नाही. कापसातलं विष कुणाला बाधतं याचं उत्तर तिथल्या रुग्णालयाच्या खाटांवर होतं. ते झोपणाऱ्याला बाधत नाही. ते पिकवणाऱ्याला बाधतं.

फोमचं तेच. आयसोसायनेटचा त्रास कामगाराला. पिंजलेल्या कापसाचंही तेच. सूतगिरणीत वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते, ही त्याची जुनी ओळख. आपल्या सांगली-इचलकरंजी पट्ट्यात कापसाच्या धुळीत काम केलेली माणसं घरोघरी आहेत. खांद्यावर पिंजण घेऊन गल्लीतून तार छेडत जाणारे पिंजारी आता दिसेनासे झाले, कारखान्यात यंत्रं आली, पण धूळ तीच. पुढच्या वेळी घरी कापूस पिंजायला कुणी आलं, तर त्याला तोंडाला बांधायला मास्क द्या आणि चहाबरोबर 'काका, खोकला येतो का?' एवढं विचारा.

म्हणून माझं म्हणणं असं. परवडत असेल तर खरा सेंद्रिय कापूस जरूर घ्या, पण 'माझ्या बाळाला विषापासून वाचवतोय' म्हणून नव्हे. कुणाच्या तरी बाळाच्या बापाला वाचवायला हातभार लावतोय म्हणून घ्या. आणि परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. तुमच्या बाळाचं त्यात काही कमी होत नाही. आपल्या बाळाच्या भीतीवर माल खपवायचा आणि शेतातल्या माणसाचं नावही घ्यायचं नाही, हा मात्र मला अप्रामाणिकपणा वाटतो.

पाठीचं काय?

'ऑर्थोपेडिक गादी' हा शब्दही ऑर्गॅनिकसारखाच. त्याला डॉक्टरची परीक्षा द्यावी लागत नाही, कोणीही लिहावा. आपल्याकडे पाठ दुखली की 'फळीवर झोपा' असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. २००३ मध्ये लॅन्सेट या साप्ताहिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनाट पाठदुखीच्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम घट्ट गादी दिली आणि नव्वद दिवस पाहिलं. मध्यम घट्ट गादीवाल्यांची पाठ जास्त सुधारली. म्हणजे फळीही नको आणि खड्डाही नको. कुशीवर झोपल्यावर कणा साधारण सरळ राहील आणि कूस बदलताना जोर लावावा लागणार नाही, ती गादी तुमची. दुकानात जाऊन बूट काढून दहा मिनिटं आडवे व्हा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची गोष्ट वेगळी. त्यांना कापूस, काथ्या, लॅटेक्स यांच्या वादात टाकू नका. त्यांना हवेची, आलटून पालटून फुगणारी गादी लागते आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. पाठीला जखम झाली की ती महिनोन्‌महिने भरत नाही.

तर मग घ्यायची कुठली?

थोडक्यात सांगतो. आपल्या हवेत धडधाकट माणसाला कापसाची, मध्यम घट्ट, एकट्या-दुकट्याने उचलून गच्चीवर नेता येईल इतक्या वजनाची गादी उत्तम. करून घेताना समोर कापूस बघा. कापडाच्या चिंध्या आणि गिरणीतला टाकाऊ माल पिंजून भरलेला रंगीबेरंगी कापूस नको, पांढरा नवा कापूस घ्या. दर तीन-चार वर्षांनी पिंजून पुन्हा भरून घ्या, खड्डा पडू देऊ नका. ओलसर भागात राहत असाल, तर रबर लावलेल्या काथ्याची किंवा लॅटेक्सची गादीही चांगली. फोमच घ्यायचा असेल तर घ्या, पण वास उडेपर्यंत थांबा. कुठल्याही गादीवर धुता येणारी सुती खोळ हवीच.

आणि गादीतून जे पैसे वाचतील, त्यांतून चांगली मच्छरदाणी घ्या, दमा असेल तर पंप वेळेवर भरून ठेवा, खिडकी उघडा. कॉइल, डांबरगोळ्या आणि ढेकणांचं ते गुपचूप आणलेलं औषध आजच घराबाहेर काढा. बाळ उताणं झोपवा. एवढं केलंत, की गादीवर कुठला शिक्का आहे हे बाळ विचारणार नाही, आणि मीही विचारणार नाही.